पावणेदोन लाखांत वेताळ बसवायचा आहे

गोदाकाठचा_गण्या

मंडळी, चार वर्षं वाचनमात्र होतो. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

आम्ही नाशिकचे सात जण. दोघं अंबडला कंपनीत, एक जण लग्नांची शूटिंगं करतो, एक ताई शाळेत चित्रकला शिकवतात, उरलेले नाटकवेडे. एकांकिका स्पर्धांच्या विंगेत ओळखी झाल्या आणि आता चाळीस मिनिटांची फिल्म करायचं खूळ डोक्यात शिरलंय. विषय वेताळपंचविशी. गंगाजळी एक लाख पंचाहत्तर हजार. त्यातल्या पंचवीस हजारांचं बायकोला अजून सांगितलेलं नाही. (ती इथे वाचत नाही. वाचत असशील तर घरी बोलू.)

वेताळच का, तर तो आपला नदीवाला आहे. लहानपणापासून 'विक्रम' ऐकल्यामुळे आपल्या डोळ्यांसमोर उज्जैन येतं. पण अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवानं कथासरित्सागर रचला, त्यात ही पंचविशी आहे आणि ती सुरूच होते गोदावरीकाठच्या प्रतिष्ठान नगरात. म्हणजे आपलं पैठण. राजाचं नाव त्रिविक्रमसेन. एक भिक्षू रोज दरबारात येतो, राजाच्या हातावर एक फळ ठेवतो आणि निघून जातो. राजा ते भांडारात टाकायला देतो. एके दिवशी एक माकड ते फळ घेतं, दातांनी फोडतं आणि आतून रत्न घरंगळतं. नदी, माकड, फळ. नाशिकमध्ये यातलं काहीच भाड्यानं आणायला नको.

आता खरं दुखणं. दोन वर्षांपूर्वी आम्ही अरबी सुरस गोष्टींच्या धाटणीवर बारा मिनिटांची फिल्म केली होती. उडता गालिचा. हिरव्या पडद्यापुढे शूटिंग उरकलं, पुढचं काम एका स्टुडिओला दिलं, निम्मे पैसे तिथंच गेले. परत जे आलं त्यात बगदाद कमी आणि लॉन्सवरच्या रिसेप्शनचं स्टेज जास्त. गालिचा म्हणजे आईची सतरंजी, खाली स्टूल. समोर फर्राटा पंखा लावलेला, त्यामुळे पोराचे केस झकास उडत होते, पण सतरंजीची झालर जागची हलायला तयार नाही. एका शाळेच्या हॉलमध्ये दाखवली. पहिल्या रांगेतलं सात-आठ वर्षांचं कार्टं मोठ्यानं म्हणालं, "सतरंजीला इस्त्री केलीय!" पुढची नऊ मिनिटं हॉल हसत होता. गोष्ट करुण होती हो.

तेव्हापासून स्वस्तातले अद्भुतपट हुडकून हुडकून बघतोय. १९०३ साली इंग्लंडात सेसिल हेपवर्थनं 'ॲलिस इन वंडरलँड' पडद्यावर आणली. स्वतः बेडूक झाला, बायकोला ससा आणि राणी केलं, आणि ते गूढ हसणारं मांजर म्हणजे चक्क घरचं मांजर. ते हसतबिसत नाही. झुडपात कंटाळून बसलेलं दिसतं, बस. मी हसलो, पण पुढे बघत राहिलो. आमच्या सतरंजीवर जे हसले त्यांनी नंतर काहीच बघितलं नाही.

तर ह्या दोन हसण्यांत फरक काय आहे, तेवढं सांगा. बाकी उसनवारी आमची आम्ही करू.

---

खारी_बिस्कीट

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. धागाकर्त्याच्या सौभाग्यवतींचा प्रतिसाद लवकर यावा ही सदिच्छा.

---

रामशेजकर

फाळक्यांच्या जिल्ह्यात बसून हेपवर्थला कशाला हाका मारता? माणूस त्र्यंबकचा, जन्म ३० एप्रिल १८७०. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) मुंबईत केला, पण त्यानंतर बिऱ्हाड नाशिकला हलवलं आणि 'मोहिनी भस्मासुर' इथं केला. पांडवलेण्यांच्या पायथ्याला त्यांचं स्मारक आहे, तिथं आपण शाळेच्या सहलीत फक्त घसरगुंडी शोधली.

त्यांचा 'कालिया मर्दन' (१९१९) बघा. बराचसा शिल्लक आहे, नेटवर मिळतो. कृष्णाचं काम त्यांच्या मुलीनं केलंय, मंदाकिनीनं, वय सात. गंमत सुरुवातीला आहे. गोष्ट सुरू व्हायच्या आधी पडद्यावर नुसती ती पोर येते, चेहऱ्यावर निरनिराळे भाव आणून दाखवते, आणि मग बघता बघता तिचाच कृष्ण होतो. म्हणजे बाप आधी सांगतो, ही माझी लेक. मग सांगतो, आता हा कृष्ण. इतकं उघड सांगितल्यावर तो नाग कशाचा बनवलाय याची चौकशी कोण करत बसतंय? गण्याभाऊ, तुमची सतरंजी तिथं फसली. ती सतरंजी आहे हे तुम्ही लपवायला गेलात.

---

कटू_सत्य

गरिबीचं कौतुक हा आपला राष्ट्रीय छंद आहे, म्हणून थोडं विरजण टाकतो. फाळके स्वस्तातले नव्हते. हरिश्चंद्राला पंधरा हजार लागले, १९१३ चे पंधरा हजार. विम्याची पॉलिसी गहाण, बायकोचे दागिने मोडलेले. लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. जगात तेव्हा जे चांगलं तंत्र होतं ते शिकून आलेला माणूस होता तो. पैसा कमी पडला असेल, मेहनत आणि कारागिरी नाही. 'आमचं बजेट कमी, प्रेक्षक समजून घेतील' ही सबब त्यांच्या नावावर खपवू नका. हलके घ्या.

---

रामशेजकर

@कटू_सत्य, तारामतीला बाई मिळेना म्हणून हॉटेलात स्वयंपाकाला असलेले साळुंके उचलून आणले. पुढे 'लंकादहन'मध्ये (१९१७) राम पण साळुंके आणि सीता पण साळुंके. हे कुठलं लंडनचं तंत्र?

---

कटू_सत्य

एकच माणूस राम आणि सीता करतो आणि थेटरातली माणसं हात जोडतात. हेच ते तंत्र. मी वेगळं काय म्हणतोय?

---

खारी_बिस्कीट

दोघं एकच बोलताय आणि तरी भांडताय. मराठी संस्थळावर स्वागत.

---

यंत्रमाग_जिंदाबाद

मालेगावहून सलाम. नाशिकवाले पिक्चरचं बोलतात आणि आपल्याच जिल्ह्यातल्या मालेगावला विसरतात, हे जुनंच आहे.

नासिर शेख यांनी इथं 'मालेगाव के शोले' केला, मग सुपरमॅन. २००८ ची माहितीपट फिल्म आहे, 'सुपरमेन ऑफ मालेगाव', जरूर बघा. आमचा सुपरमॅन म्हणजे शफीक, लूमवर काम करणारा हडकुळा पोरगा. उडायचा सीन करायला हिरवं कापड ट्रकच्या अंगाला लावलं होतं. मध्येच कॅमेरा पाण्यात पडला. शुक्रवारी लूम बंद असतात, शुक्रवार म्हणजे पिक्चरचा दिवस.

माझा मामू तेव्हा गर्दीत उभा राहिला होता. तो म्हणतो, आम्हाला कधी वाटलंच नाही की आपण अमेरिकेसारखं करतोय. आपला सुपरमॅन आपल्यासारखाच दिसणार ना, बारीक. लोक हसायला यायचे आणि हसूनच जायचे, पण हसणं आपल्या माणसावरचं होतं. शफीक नंतर कॅन्सरनं गेला. गेल्या वर्षी-दोन वर्षांत हिंदी पिक्चर आला त्यांच्यावर (२०२५), लोक थेटरात रडले.

---

कटू_सत्य

मालेगावबद्दल आदर आहेच. पण ती विडंबनं. विडंबनाला ठिगळ शोभतं. धागा अभिजात साहित्यावर आहे, आणि गण्याला लोकांना हसवायचं नाही, घाबरवायचंय. ठिगळाच्या वेताळाला कोण घाबरणार?

---

रेंडरिंग_चालू_आहे

ह्या प्रश्नावर पोट भरतं म्हणून लिहितो. मूळचा सिडकोचा, सध्या गोरेगावला एका स्टुडिओत इफेक्ट्सचं काम करतो.

तुमच्या सतरंजीचं शवविच्छेदन असं: वारा केसांना होता, झालरीला नव्हता. उजेड पोराच्या डाव्या गालावर होता आणि मागच्या आकाशातला सूर्य बहुधा उजवीकडे. डोळ्याला हे शब्दांत सांगता येत नाही, पण 'खोटं' एवढं कळतं. हिरवा पडदा स्वस्त असतो हा गैरसमज आहे. कापड स्वस्त असतं. त्यावर सुरकुती नसावी, सगळीकडे सारखा उजेड असावा, माणूस पडद्यापासून लांब असावा म्हणजे हिरवी झाक अंगावर येत नाही. यासाठी जागा लागते, दिवे लागतात. पावणेदोन लाखांत हे जमत नाही असं नाही, पण मग बाकी काही जमत नाही.

म्हणून कॅमेऱ्यासमोरच करा. उलटा लटकलेला वेताळ हवाय? पोराला झाडाला उलटं टांगू नका, दोन मिनिटांत डोळे लाल होतात आणि संवाद विसरतो. त्याला सरळ उभा करा, फांदी डोक्याऐवजी पायाशी बांधा, केस जेल लावून वर उभे करा आणि कॅमेरा उलटा धरा. कपड्यांचे सोगेसुद्धा दोऱ्यानं वर ओढून टाचा, नाहीतर पुन्हा इस्त्री निघेल.

भूत आरपार दिसायला हवं असेल तर काच. १८६२ च्या नाताळात लंडनला पेपर नावाच्या गृहस्थानं डिकन्सच्या एका भूतकथेच्या प्रयोगात हे करून दाखवलं. रंगमंचावर मोठी काच तिरकी, पंचेचाळीस अंशांत. प्रेक्षकांना न दिसणाऱ्या काळ्या खोलीत नट उभा. त्याच्यावर दिवा टाकला की त्याचं प्रतिबिंब काचेत उमटतं आणि मागचा रंगमंचही दिसत राहतो. दिवा हळूहळू मंद केला की भूत विरघळतं. काच फर्निचरवाल्याकडून दिवसाच्या भाड्यानं मिळते. पुसायला जुनं वर्तमानपत्र घ्या, टॉवेलाचे धागे राहतात.

आणि रात्र रात्री शूट करू नका. सूर्य बुडाल्यावर पंधरा-वीस मिनिटं आभाळ निळं असतं, तेवढ्यात घ्या. रोज पंधरा मिनिटं, असे दहा दिवस. वेळ हेच तुमचं बजेट.

---

मिसळसम्राट

शूटिंगला नाश्ता कुठून मागवणार? माझ्या मते सातपूरच्या बाजूची

---

संपादक

मिसळीचा धागा वेगळा आहे, बाराशे प्रतिसाद झालेत, तिकडे जा.

---

शिसवी

अवांतर, पण राहवत नाही. सगळ्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर वेताळ वडाला लटकवतात. सोमदेवाच्या कथेत झाड शिंशपा आहे, म्हणजे शिसव. वडाच्या पारंब्या कॅमेऱ्याला छान दिसतात हे मान्य, पण शिसवीचं उभट खोड आणि विरळ पानं असतील तर मागचं निळं आभाळ फांद्यांमधून दिसेल. वरच्या दादांनी सांगितलेली पंधरा मिनिटं वडाखाली पाचच होतात.

---

गोदाकाठचा_गण्या

@शिसवी ताई, दंडवत. गिरणारेच्या पुढे एका शेताच्या बांधावर एक आहे, मालक ओळखीचे निघाले.

---

काळा_कोट

हक्कांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. सोमदेवाचे वारस येणार नाहीत. पण तुम्ही कथा संस्कृतातून वाचलीत की मराठी अनुवादातून? अनुवादाचा हक्क वेगळा असतो आणि तो अनुवादकाच्या निधनानंतर साठ वर्षं चालतो. मोजणी निधनाच्या पुढच्या जानेवारीपासून. पूर्वी पन्नास होती, टागोरांचा हक्क संपत आला तेव्हा १९९२ च्या दुरुस्तीनं साठ केली. म्हणजे कथानक घ्या, पण आजच्या अनुवादातली वाक्यं उचलू नका. संवाद स्वतःचे लिहा.

अरबी सुरस गोष्टींचं भाषांतर कृष्णशास्त्री चिपळूणकरांचं (निधन १८७८) वापरलं असेल तर काळजी नाही. कुणाला कुसुमाग्रजांचा 'राजमुकुट' घेऊन मॅक्बेथच्या चेटकिणी गंगाघाटावर नाचवायच्या असतील तर मात्र परवानगी घ्या. शेक्सपिअर मोकळा आहे, तात्यासाहेब १९९९ ला गेले, तो मराठी मजकूर २०५९ अखेरपर्यंत मोकळा नाही.

आणखी दोन. पांडवलेणी पुरातत्त्व खात्याकडे आहेत, तिथं परवानगीशिवाय शूटिंग करू नका. ड्रोन तर विसराच, देवळालीला लष्कर आहे.

---

आप्पा_पंचवटी

वय चौऱ्याहत्तर, नातू टंकून देतो आहे.

तात्यांचं नाव निघालं म्हणून सांगतो. ते तरुणपणी नाशिकच्या गोदावरी सिनेटोनमध्ये होते. 'सती सुलोचना'ची पटकथा त्यांची आणि लक्ष्मणाचं कामही त्यांचं. चित्रपट चालला नाही. पुढे ज्ञानपीठ मिळालं, ही गोष्ट वेगळी. तेव्हा गणेशराव, पडला म्हणून बिघडत नाही.

आमच्या आजोबांच्या तोंडी पौराणिक नाटकांच्या आठवणी असत. राक्षस यायच्या आधी विंगेतून कुणीतरी मशालीवर राळ उडवी, भक्कन जाळ होई आणि 'अलल डुर्र' करत राक्षस शिरे. त्या नाटकांना नंतर शिकलेल्या लोकांनी अललडुर्र नाटकं म्हणून हिणवलं. पण आजोबा सांगत, राळेचा वास नाकात गेला की राक्षस दिसायच्या आधीच पोरं आईच्या पदरात. राक्षसाची दाढी ताग होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. कटू_सत्य यांच्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच, भीती दाढीत नसते, तो आत शिरायच्या आधीच्या क्षणात असते.

१९८५ च्या सुमारास दूरदर्शनवर विक्रम-वेताळ लागे. अरुण गोविल राजा, सज्जन वेताळ. वेताळ उडून जाई ते आजच्या मानानं अगदी कच्चं. पण आमच्या वाड्यात एकच टीव्ही होता आणि वेताळाचं हसू आलं की चौदा पोरं एकदम मागे सरकत. सज्जनचा आवाज होता तो.

---

रेंडरिंग_चालू_आहे

आप्पांना साष्टांग. आवाज! मी दहा परिच्छेद लिहिले आणि हे विसरलो. अंधुक चित्र लोक चालवून घेतात, अंधुक आवाज घेत नाहीत. पावणेदोन लाखांतले निदान चाळीस हजार आवाजाला काढून ठेवा.

---

हरसूलची_पोर

बोहाडा कुणी पाहिलाय का? आमच्याकडे, पेठ-सुरगाण्याकडे, मोखाडा-जव्हारकडे असतो. रात्रभर सोंगं निघतात, देवांची, राक्षसांची, मोठाले मुखवटे, लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे. संबळ वाजतो. मुखवट्याचे डोळे हलत नाहीत, तोंड हलत नाही, आत कुणाचा काका आहे हे गावाला माहीत असतं. तरी सोंग जवळ आलं की अंगावर काटा येतो. मी इंजिनिअर आहे, मला अजून येतो.

चेहरा हलत नाही ना, म्हणूनच. जिवंत माणसाचा चेहरा सारखा काहीतरी सांगत असतो, मुखवटा सांगत नाही, तो नुसता बघतो. मशाल हलली की सावल्या हलतात आणि वाटतं आत्ता डोळा फिरला. तुमचा वेताळ असा का नाही? आवाज दुसऱ्याचा द्या, नंतर डब करून.

एक विनंती मात्र. आमच्या गावची सोंगं उसनी मागायला जाऊ नका. त्यांची पूजा होते, ती शूटिंगचं सामान नाही. आणि आमच्या देवांचे चेहरे जसेच्या तसे उतरवू नका. तुमच्या चित्रकलावाल्या ताईंना लगद्याचा नवा बनवू दे.

---

ब्राह्मी_वाचते

कपडेपटाबद्दल एक फुकटचा सल्ला. मखमलीचे अंगरखे, चमकीचे मुकुट, प्लास्टिकच्या मोत्यांच्या माळा भाड्यानं आणू नका, तो सगळा थाट फार नंतरचा आहे आणि स्वस्तातला चटकन ओळखू येतो. तुमची कथा प्रतिष्ठानची. प्रतिष्ठान सातवाहनांचं. पांडवलेण्यांत तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, तोच राजघराण्याचा. तिथं कोरलेल्या माणसांकडे नीट बघा: उघडं अंग, कमरेला धोतर, डोक्याला भरघोस पागोटं, कानात जड कुंडलं. सुती कापड रंगवून घेतलंत तर पाच-सहा हजारांत सगळा दरबार उभा राहतो, आणि तो भाड्याच्या मखमलीपेक्षा खराही असतो.

---

कटू_सत्य

हा प्रतिसाद आवडला. मी पहिल्यांदाच इथे कुणाशी सहमत होतोय, नोंद घ्यावी.

---

खारी_बिस्कीट

नोंद घेतली. वाचनखूणही साठवली.

---

सॅनहोजेचा_सदू

उशिरा आलो. दोन उदाहरणं टाकून पळतो.

सत्यजित राय यांनी आजोबांच्या, उपेंद्रकिशोरांच्या, गोष्टीवर 'गुपी गाइन बाघा बाइन' केला (१९६९). रंगीत करायला पैसे मिळाले नाहीत, म्हणून सगळा कृष्णधवल आणि फक्त शेवट रंगीत. त्यातला भुतांचा नाच सहा मिनिटांहून मोठा आहे, भुतांच्या चार जाती, आणि संगीत म्हणाल तर नुसती तालवाद्यं, मृदंगम, घटम्, खंजिरी, मोरसिंग. बघताना पैसे कमी पडल्याचं एकदाही वाटत नाही.

दुसरं उलट टोक. लेनिनग्राड टेलिव्हिजननं टॉल्किनच्या अंगठीवर ('लॉर्ड ऑफ द रिंग्ज') दोन भागांत एक टेलिनाटक केलं होतं, १९९१ मध्ये दाखवलं आणि मग ते कुणाला सापडेना. २०२१ ला यूट्यूबवर आलं. बघितल्यावर गण्याची सतरंजी ऑस्करच्या लायकीची वाटेल. कापडाच्या गुहा, एकावर एक चिकटवलेली चित्रं. पण आमच्या घरी सगळ्यांनी पूर्ण बघितलं. नट इतक्या गंभीरपणे काम करतात की आपल्यालाच हसायची लाज वाटते. याउलट हॉलिवूडचा तो मॉकबस्टरचा, म्हणजे गाजलेल्या नावांवर स्वस्तात नकला काढायचा धंदा, मेलव्हिलच्या देवमाशापुढे पाणबुडी, शेरलॉक होम्ससमोर डायनोसॉर (दोन्ही २०१०). ते करणाऱ्यांनाच डोळे मिचकावून सांगायचं असतं की हे काही खरं नाही. मग मी तरी का खरं मानू?

(मला ते डायनोसॉरवाले आवडतात, हा भाग अलाहिदा.)

---

गोदाकाठचा_गण्या

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय. काल चाचणी शूटिंग केलं, वृत्तांत लिहितो.

मुखवटा ताईंनी केला. जुनी वर्तमानपत्रं भिजवून, मेथीदाण्याची पूड आणि डिंक घालून लगदा. तीन थर, प्रत्येक थर दोन दिवस सावलीत. उन्हात वाळवला तेव्हा पहिल्याचं नाक तडकलं, तो बाद. रंग देताना त्यांनी डोळ्यांची बुबुळं काढलीच नाहीत, नुसते पांढरे खळगे. मी म्हटलं राहिलंय का, तर म्हणाल्या, कंदील लाव आणि बघ. लावला. मी मुखवट्याकडे पाठ करून चहा प्यायलो, एवढंच सांगतो.

शिसव, संध्याकाळ, निळं आभाळ, सगळं जमलं. घोटाळा झाला तो प्रेतात. राजा प्रेत खांद्यावर टाकून चालतो, हा आख्ख्या फिल्मचा कणा, तो शॉट पंचवीस वेळा येणार. जिवंत पोरगा खांद्यावर घेऊन आमचा राजा पाच पावलांत बसला. म्हणून जुन्या कपड्यांत भुसा भरून बाहुला केला. वजन सहा किलो. राजा काय सुंदर अभिनय करत होता! कण्हणं, धापा, कपाळ पुसणं. मोबाइलवर बघितलं तर सतरंजीच पुन्हा. चेहरा म्हणतोय जड आहे, पावलं म्हणतायत बाजाराची पिशवी आहे. त्यात शिवण उसवली आणि राजाच्या मागे भुशाची रांगोळी. एक कुत्रं ती हुंगत सगळ्या शॉटभर मागे.

उजेड संपायला आठ मिनिटं राहिली होती. शेजारी सासरे राहतात, त्यांची कांद्याची चाळ. भुसा ओतून दिला आणि बाहुल्यात कांदे कोंबले. छातीत, मांड्यांत, हातांत बारीक बारीक. चाळीस किलो झालं असेल. राजाच्या खांद्यावर दोघांनी मिळून ठेवलं. त्याला म्हटलं, अभिनय करू नकोस, फक्त झाडापासून बांधापर्यंत ये.

आला. डावा पाय टाकण्याआधी तो जमीन चाचपत होता. मान आपोआप तिरकी झाली, कारण प्रेताचं कांद्यानं भरलेलं डोकं कानावर दाबत होतं. दर पावलाला आतले कांदे सरकत होते आणि बाहुल्याचा हात पाठीमागे थोडा हलत होता. कुणी हलवत नव्हतं. वर मुखवटा, कंदिलाचा उजेड खालून. कॅमेरावाला, जो रोज दोन लग्नं शूट करतो आणि ज्याला कशाचंच काही वाटत नाही, तो हळूच म्हणाला, "भाऊ, हे थांबवायचं का?"

उग्र वासानं राजाच्या डोळ्यांना पाणी येत होतं, तेही शॉटमध्ये आहे. ठेवणार.

@कटू_सत्य, तुम्ही बघायला या. घाबरलात तर चहा माझ्याकडून.

---

कटू_सत्य

येतो. चहाचे पैसे मीच देईन, तुमचं बजेट माहीत आहे.

---

यंत्रमाग_जिंदाबाद

भाई, शुक्रवारी ठेवा. मामूलाही आणतो.

---

शिसवी

कांदा लाल होता की उन्हाळ? लाल असेल तर पंचवीस शॉटमध्ये प्रेत गळायला लागेल.

---

गोदाकाठचा_गण्या

उन्हाळ. टिकतो. शूटिंग झाल्यावर सगळा परत चाळीत नेऊन ठेवला. दोनच दबले.

---

नवीन_सदस्य_७

दोन नाही, अकरा. बाबांनी निवडून बाजूला काढलेत. बाकीचं घरी बोलू.